अंतर संपलेले नाही



वेल्ह्याहून भोरला लग्नाला जायचे झाले तर काय करावे लागते, हे त्या भागातील मुलांना सांगायला नको. सरळ रेषेत पाहिले तर या दोन गावांमध्ये तीस किलोमीटरचेही अंतर नाही. पण मध्ये डोंगर आहेत. म्हणून एस.टी.ने आधी पूर्वेला महामार्गाकडे यायचे, नसरापूर, चेलाडी फाटा, कापूरहोळ असा वळसा घालायचा, वाटेत गाडी बदलायची आणि मग भोर गाठायचे. एक गाडी चुकली की पुढची चुकते आणि मुहूर्त टळतो. लग्नाला निघालेला शहाणा माणूस म्हणूनच आदल्या दिवशी निघतो.

आता समजा, भोरच्या शाळेत एका बाकावर बसणाऱ्या दोन मित्रांपैकी एक जण अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी नोकरीला गेला. त्याचे तिथेच लग्न ठरले. दुसरा इकडेच राहिला. त्याला आमंत्रण आले, "गड्या, तू आला नाहीस तर मी बोहल्यावर चढणार नाही." इकडच्या मित्राने चौकशी केली. पुण्याहून दिल्ली, दिल्लीहून जर्मनीतील फ्रँकफुर्ट आणि तेथून फिलाडेल्फिया, अशी तीन विमाने. आकाशात सुमारे वीस तास आणि विमानतळांवरची प्रतीक्षा धरून सव्वा दिवस. परतताना पुन्हा तेवढेच. कचेरीतून रजा मिळाली एका आठवड्याची. जावे की न जावे?

असे प्रसंग आता विरळ राहिलेले नाहीत. पुणे जिल्ह्यातील कितीतरी गावांतील मुले परदेशी शिकत आहेत, नोकऱ्या करीत आहेत. तुमच्यापैकी अनेकांना दहा-पंधरा वर्षांनी असे आमंत्रण येईल. त्या वेळी तिकिटाची किंमत पाहून तुम्ही निर्णय घ्याल. माझे म्हणणे असे, की तिकिटावर छापलेला आकडा हा खर्चाचा एक भाग झाला. उरलेला खर्च आपले शरीर आणि पृथ्वीचे वातावरण सोसते. तोही मांडून मगच निर्णय घ्यावा. त्यासाठी शाळेत शिकविलेले गणित आणि रसायनशास्त्र पुरेसे आहे.

अंतराचा हिशोब

प्रथम अंतर पाहू. वर्गातील पृथ्वीगोल घ्या. एक धागा पुण्यावर धरा आणि दुसरे टोक फिलाडेल्फियावर ठेवून तो ताणा. भिंतीवरच्या सपाट नकाशावर ही वाट अरबी समुद्र, आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून जाईल असे वाटते. गोलावर मात्र धागा उत्तरेकडे सरकतो आणि चक्क आइसलंडवरून जातो! गोलाच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग हा असा बृहद्‌वृत्ताचा असतो. त्याची लांबी भरते सुमारे १२,८०० किलोमीटर.

आपला मित्र जाणार तीन टप्प्यांनी. पुणे ते दिल्ली सुमारे १,१६० किलोमीटर, दिल्ली ते फ्रँकफुर्ट ६,१२०, फ्रँकफुर्ट ते फिलाडेल्फिया ६,३४०. बेरीज १३,६२०. म्हणजे विमाने बदलल्यामुळे सुमारे ८०० किलोमीटरचा वळसा पडला. वेल्ह्याच्या एस.टी.ला डोंगरामुळे वळसा पडतो, विमानाला वेळापत्रकामुळे. जाऊन-येऊन अंतर झाले सुमारे २७,२०० किलोमीटर. पृथ्वीचा विषुववृत्तावरील परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे, हे लक्षात घेतले तर एका लग्नासाठी आपला मित्र पृथ्वीप्रदक्षिणेचा दोन-तृतीयांश भाग पुरा करणार.

इंधनाचा हिशोब

आधुनिक जेट विमान भरलेले असेल तर दर प्रवाशामागे शंभर किलोमीटरला साधारण ३ लिटर इंधन लागते असे धरू. २७,२०० किलोमीटरला ८१६ लिटर झाले. एक लिटर इंधनाचे वजन सुमारे ०.८ किलोग्रॅम असते. तेव्हा आपल्या मित्राच्या वाट्याचे इंधन सुमारे ६५० किलोग्रॅम.

या इंधनात वजनाने सुमारे ८६ टक्के कार्बन असतो. कार्बन जळताना हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतो. १२ ग्रॅम कार्बनपासून ४४ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो, हे तुम्ही रसायनशास्त्रात शिकला आहात. म्हणून १ किलोग्रॅम इंधन जळले की सुमारे ३.१६ किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. जळलेल्या पदार्थापेक्षा धुराचे वजन जास्त कसे, असा प्रश्न काही जणांना पडेल. जास्तीचे वजन हवेतल्या ऑक्सिजनचे आहे. आता गुणाकार करा. उत्तर येते सुमारे २,०५० किलोग्रॅम, म्हणजे दोन टनांहून थोडे अधिक.

दोन टन म्हणजे किती? भारतातील सर्व कारखाने, वीजकेंद्रे आणि वाहने यांतून वर्षभरात निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड लोकसंख्येने भागला तर माणशी सुमारे दोन टन येतो. एका लग्नाच्या प्रवासात आपल्या मित्राने सरासरी भारतीयाचे सबंध वर्ष खर्च केले. आणखी जवळचे माप हवे असेल तर स्वयंपाकघरात जा. गॅसच्या एका सिलिंडरमध्ये १४.२ किलोग्रॅम इंधन असते. ते जळून सुमारे ४२ ते ४३ किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड होतो. म्हणजे हा प्रवास झाला अठ्ठेचाळीस सिलिंडरांचा. वर्षाला आठ सिलिंडर लागणाऱ्या घरातील सहा वर्षांचा स्वयंपाक यात झाला.

हे ऐकून विमान म्हणजे फार उधळे वाहन, असे कोणी म्हणेल. ते बरोबर नाही. मोटारीत एकटाच माणूस बसून चालला तर शंभर किलोमीटरला त्याला पाच-सहा लिटर पेट्रोल लागते. त्या मानाने विमान काटकसरी आहे. भरलेली एस.टी. मात्र दोघांनाही हरवते. तिला शंभर किलोमीटरला वीस-बावीस लिटर डिझेल लागले, तरी चाळीस प्रवाशांत ते वाटले की माणशी अर्धा लिटर पडतो. तेव्हा खरा खर्च यंत्रापेक्षा अंतराचा आहे. बैलगाडीच्या काळात आपल्याला जे अंतर कधी कापताच आले नसते, ते विमान आपल्याला एका दिवसात कापू देते. म्हणूनच एका दिवसात एवढा खर्चही करू देते.

टप्प्यांचा मुद्दाही येथेच पाहू. जमिनीवरून उठून दहा-अकरा किलोमीटर उंची गाठताना विमान सर्वांत जास्त वेगाने इंधन जाळते. प्रत्येक जादा टप्प्याबरोबर हा चढ पुन्हा एकदा चढावा लागतो. म्हणून छोट्या छोट्या उड्यांचा प्रवास दर किलोमीटरला महाग पडतो. उलट फार लांबच्या एकाच उड्डाणात शेवटी लागणारे इंधन सुरुवातीपासून वाहून न्यावे लागते आणि त्यासाठीही इंधन जळते. म्हणून 'एकही थांबा नको' असा नियम करता येत नाही. पण स्वस्त तिकिटाच्या मोहाने चार-चार विमाने बदलत भलतीकडून फिरून जाणे हे मात्र नक्कीच तोट्याचे.

तोरण्यावरून दिसणारी रेघ

वेल्हे गाव तोरण्याच्या पायथ्याशी आहे. हा किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंच आहे. हिवाळ्यात सकाळी गडावरून पाहिले तर निळ्या आकाशात कधी कधी खडूने ओढावी तशी पांढरी रेघ दिसते. ती रेघ गडाच्या उंचीच्या सात-आठ पट उंचीवर असते. तिथे तापमान शून्याखाली ४०-५० अंश असते. विमानाच्या धुरातील पाण्याची वाफ काजळीच्या कणांभोवती गोठते आणि बर्फकणांची ही रेघ तयार होते. काही रेघा लगेच विरतात. हवा थंड आणि दमट असेल तर त्या पसरून पातळ ढग होतात. हे ढग पृथ्वीवरून अवकाशात जाणारी उष्णता अडवितात. म्हणजे विमानाचा परिणाम केवळ कार्बन डाय-ऑक्साइडने मोजला तर तो कमीच मोजला जातो.

या रेघा काही तासांत जातात. कार्बन डाय-ऑक्साइडचा मोठा भाग मात्र शतकानुशतके हवेत राहतो. आज लग्नाला गेलेल्या पाहुण्याचा धूर त्या जोडप्याच्या पणतवंडांच्या लग्नातही हजर असेल.

याचा भोर-वेल्ह्याशी संबंध काय? या तालुक्यांचे सारे जीवन पावसावर आहे. येथील आंबेमोहर आणि इंद्रायणी भाताची खाचरे, भाटघर धरण, नीरेचे पाणी, सारे पावसाचे देणे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. मग पाऊस पडतो तेव्हा तो एकदम कोसळण्याचा संभव वाढतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत भागावरील अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. अमुक एक दरड अमुक विमानामुळे कोसळली, असे विज्ञान म्हणत नाही आणि आपणही म्हणू नये. पण घाटाखालच्या आणि घाटावरच्या ज्या माणसांनी कधी विमानात पाऊल ठेवले नाही, त्यांच्या शेताच्या बांधावर या हिशोबाचा काही भाग येऊन पडतो, एवढे खरे.

शरीर उशिरा पोचते

आता शरीराकडे वळू. फिलाडेल्फियाची घड्याळे भारताच्या मागे असतात, हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास. आपल्या मेंदूतही एक घड्याळ आहे. झोप, भूक, शरीराचे तापमान, संप्रेरके या सर्वांच्या वेळा ते सांभाळते. पेशींमध्ये हे घड्याळ कसे चालते याच्या शोधाबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. मनगटावरचे घड्याळ क्षणात मागे करता येते. मेंदूतले घड्याळ मात्र उजेड-अंधार पाहून दिवसाला साधारण एक-दीड तासच सरकते.

म्हणजे दहा तासांचा फरक भरून काढायला आठवडा सहज लागतो. आपल्या मित्राला रजाच एका आठवड्याची! त्यातले जवळजवळ तीन दिवस प्रवासात गेले. भरदुपारी मंगलाष्टके चालू असताना त्याच्या मेंदूत मध्यरात्र असेल. शरीर तिथल्या दिवसाला सरावू लागेल तेव्हा परतीचे विमान तयार असेल आणि घरी येऊन पुन्हा तोच खेळ. भर म्हणजे विमानातील हवेचा दाब समुद्रसपाटीवरचा नसतो. तो सुमारे १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका, म्हणजे तोरण्याच्या माथ्यापेक्षाही विरळ असतो आणि हवा अत्यंत कोरडी असते. धडधाकट तरुणाला त्याने अपाय होत नाही, पण थकवा येतोच.

याच्याशी एक जुना प्रवास ताडून पाहा. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. ज्या कार्पेंटरबाईंशी त्यांची केवळ पत्रांतून मैत्री झाली होती, त्यांच्याकडे त्या गेल्या. वाटेत त्यांनाही इंग्लंडमध्ये बोट बदलावी लागली. कलकत्ता आणि न्यूयॉर्क यांच्या रेखांशांत सुमारे १६२ अंशांचा फरक आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने तो पावणेअकरा तासांचा होतो. अठ्ठावन्न दिवसांत तो विभागला तर दिवसाला जेमतेम अकरा मिनिटे! आनंदीबाईंना समुद्र लागला असेल, पण त्यांच्या मेंदूतले घड्याळ बोटीबरोबर सावकाश चालत गेले.

एका समारंभासाठी गेलेली पाहुणी

आनंदीबाईंची गोष्ट येथे संपत नाही. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना एम.डी. ही पदवी मिळाली. त्या समारंभाला त्यांच्या नात्यातील एक विदुषी मुद्दाम इंग्लंडहून अटलांटिक महासागर ओलांडून आल्या होत्या. त्या पंडिता रमाबाई. एका जिवलग माणसाच्या आयुष्यातील एका दिवसासाठी केलेला हा दूरचा प्रवास आपल्या मित्राच्या प्रवासाचा थोरला भाऊच म्हणायचा.

पण रमाबाई समारंभ आटोपून पुढच्या बोटीने परतल्या नाहीत. जवळजवळ पावणेतीन वर्षे त्या अमेरिकेत राहिल्या. तेथील बालशिक्षणाच्या पद्धती त्यांनी अभ्यासल्या, व्याख्याने दिली, पुस्तक लिहिले, भारतीय स्त्रियांच्या शिक्षणासाठी साहाय्यक मिळविले. परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी, त्या समारंभानंतर बरोबर तीन वर्षांनी, त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. ते पुढे पुण्यास आले. त्याच वर्षी त्यांचे अमेरिकेचे प्रवासवृत्त मराठीत प्रसिद्ध झाले. एका प्रवासातून किती निघू शकते, याचा हा नमुना आहे. अंतर मोठे, म्हणून मुक्कामही मोठा, असा तो काळ होता. आपल्याकडे लग्नालाही हीच रीत होती. शेजारच्या गावचा पाहुणा जेवून परते आणि लांबचा पाहुणा चार दिवस राही. विमानाने हे प्रमाण मोडले. आता सर्वांत लांबचा पाहुणाच सर्वांत घाईत असतो.

मग जावे की नाही?

माझे मत असे आहे, की आपल्या मित्राने जावे. मोबाइलच्या पडद्यावर लग्न दिसते हे खरे, पण अक्षता टाकायला हात तिथेच असावा लागतो. माणसांची नाती राखणे हा चैनीचा खर्च नव्हे. पण एका आठवड्याच्या रजेत, अर्धवट झोपेत, धावत जाऊन धावत येऊ नये. त्याने महिनाभराची रजा साठवावी आणि त्यासाठी दोन-तीन वर्षे इतर प्रवास टाळावा लागला तरी टाळावा. कमीत कमी वळशाचा मार्ग घ्यावा. लग्नाच्या तीन-चार दिवस आधी पोचावे, म्हणजे शरीरही पोचेल आणि एखादे विमान चुकले तरी मुहूर्त चुकणार नाही. नंतर राहून तो देश डोळसपणे पाहावा. महिनाभराची रजा मिळणे शक्यच नसेल, तर लग्न चुकवून पुढे सवडीने जाणे अधिक शहाणपणाचे. मैत्री एका मुहूर्तावर टांगलेली नसते.

येथे दोन आक्षेप येतील. पहिला असा, की एक माणूस गेला नाही म्हणून विमान थोडेच थांबते? एका माणसासाठी थांबत नाही. पण विमाने किती आणि कोठे उडवायची हे शेवटी प्रवाशांची संख्याच ठरविते. थेंबे थेंबे तळे साचते, तसेच ते आटतेही.

दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी विमान पाहिले नाही, त्या घरातला पहिला मुलगा किंवा मुलगी परदेशी निघाली, की लगेच तिला धुराचा हिशोब का सांगावा? जगातील सुमारे ११ टक्के लोकांनीच २०१८ साली विमानप्रवास केला, आणि विमानांच्या धुराचा निम्मा वाटा जेमतेम एक टक्का लोकांचा होता, असा एक अंदाज आहे. तेव्हा काटकसरीची सुरुवात दर महिन्याला उडणाऱ्यांनी करावी, हे न्यायाचे आहे. वेल्ह्याच्या मुलीने पहिल्या प्रवासाबद्दल मुळीच ओशाळू नये. पण हिशोब तिलाही यावा. कारण उद्या ती वारंवार उडणाऱ्यांपैकी होईल, आणि कदाचित नवे विमान घडविणाऱ्यांपैकीही.

तसे नवे विमान हवेच आहे. एक किलोग्रॅम विमानइंधनात जेवढी ऊर्जा असते तेवढी साठवायला आजच्या विद्युतघटांचे सुमारे चाळीस किलोग्रॅम वजन लागते. म्हणून विजेवर अटलांटिक ओलांडणे अजून साधलेले नाही. वापरलेले खाद्यतेल, शेतीचा कचरा अशांपासून इंधन तयार करता येते, पण २०२४ साली जगातील एकूण विमानइंधनात त्याचा वाटा एक टक्क्याहूनही कमी होता. हे कोडे तुमच्या पिढीने सोडवायचे आहे. ते सुटेपर्यंत लांबचा प्रवास जपून करणे हाच उपाय हाती आहे.

शिक्षकांना एक विनंती. हा हिशोब वर्गात एकदा करून घ्यावा. धागा, पृथ्वीगोल आणि फळा एवढेच साहित्य लागेल. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या नात्यातील किंवा गावातील कोणी दूर राहत असेल ते ठिकाण निवडावे, अंतर काढावे, इंधन काढावे आणि घड्याळातला फरक काढावा. मग किती दिवसांचा मुक्काम केला तर तो प्रवास सार्थकी लागेल, हे ज्याने त्याने लिहावे. उत्तरे निरनिराळी येतील. त्यांवर वर्गात वाद झाला, तर तो अवश्य होऊ द्यावा.